कारखाना बंद, येझदी चालू

मोटारसायकलींचा इतिहास लिहायचा म्हटले की तो कारखान्यांचाच इतिहास होऊन बसतो. कोणत्या साली कोणता कारखाना उभा राहिला, कोणत्या परदेशी कंपनीशी करार झाला, कोणते मॉडेल कधी बाजारात आले आणि टाळे कधी लागले, इथपर्यंत सगळे नीट सापडते. टाळे लागले की इतिहासही संपतो. येझदीच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. म्हैसूरचा कारखाना चालला साधारण पस्तीस वर्षे. तो १९९६ मध्ये बंद झाला आणि आता तीस वर्षांच्या घरात आलो. म्हणजे कारखान्याच्या आधारावर ही गाडी जितकी वर्षे जगली, जवळपास तितकीच वर्षे ती कारखान्यावाचून, घरांच्या अंगणांत, परसदारी आणि पत्र्याच्या शेडमध्ये जगत आली आहे. या दुसऱ्या काळाबद्दल लिहिलेले आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. त्यातले थोडेसे, विशेषतः आमच्या मिरज-सांगली भागातले, इथे नोंदवावे असे वाटते.

आधी कारखान्याचे सांगू. जावा हे नाव मूळचे झेक. प्राग येथील फ्रान्टिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मनीच्या वान्डरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. स्वतःच्या आडनावाचे ‘जा’ आणि वान्डररचे ‘वा’ जोडून त्याने जावा हे नाव तयार केले. (झेक उच्चारात ‘जा’ हा ‘या’ होतो, पण आपल्याकडे तो कधी कोणी तसा केला नाही.) १९५० च्या दशकात या गाड्या मुंबईत आयात होत असत. पुढे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. म्हैसूरचे माजी महाराज आणि त्या वेळचे राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बरेच भाग झेकोस्लोव्हाकियातून येत आणि इथे जोडले जात. हळूहळू ते इथेच तयार होऊ लागले. करार संपल्यावर जावा हे नाव वापरता येईना, म्हणून १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने विकली जाऊ लागली. या नावाचा संबंध इराणमधल्या यझ्द शहराशी सांगितला जातो. आपल्याकडच्या इराणी कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ त्या भागातले आहे. १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि येझदीचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले.

त्या काळी मोटारसायकल म्हणजे मद्रासची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा-येझदी, एवढीच निवड होती. बुलेट महाग आणि जड. राजदूत स्वस्त, दूधवाल्यांची लाडकी. येझदी मधली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने राजदूतच्या छोट्या गाडीला काही काळ प्रतिष्ठा दिली, पण ती पोराटोरांची हौस होती. उसाच्या फडापर्यंत जाणारा शेतकी अधिकारी, दोन गावे सांभाळणारा डॉक्टर, अडत्याचा वसुली करणारा माणूस, यांना येझदी लागे.

आता ही गाडी घरी का उघडता येते, हे सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅम नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. हेडचे नट सोडले की हेड हातात येते, ब्लॉक वर उचलला की पिस्टन समोर दिसतो. कार्बन खरवडायला लाकडी पट्टी पुरते. उजव्या बाजूचे झाकण काढले की डायनॅमो आणि पॉइंट, डाव्या बाजूचे काढले की क्लच आणि प्रायमरी चेन. किक आणि गिअर एकाच दांड्यात. तो दांडा आत ढकलून वर फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटत असल्यामुळे हँडलवरची क्लचची तार तुटली तरी माणूस घरी पोहोचत असे. गाडीची किल्लीसुद्धा खिळ्यासारखी. ती हरवली तर खिळ्यानेच काम भागवलेली माणसे आमच्या मोहल्ल्यात अजून आहेत.

अवघड काय ते क्रँकचे. क्रँक दाबून बसवलेला असतो, तो सोडवायला प्रेस लागतो आणि पुन्हा बसवताना दोन्ही चाके एका रेषेत आणायला कसबी हात लागतो. हे काम घरी होत नाही. बाकी सर्व होते. पुर्जे धुवायला पूर्वी रॉकेल असे, ते रेशनवर मिळेनासे झाल्यापासून डिझेल. सायलेन्सरची आतली जाळी कार्बनने बुजली की ती काढून चुलीत लालभडक करायची किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. टाकी आतून गंजली असेल तर त्यात मूठभर जुने नट आणि वाळू घालून, टाकी चादरीत गुंडाळून दोघांनी दोन बाजूंनी हलवायची. अम्मीची जुनी चादर या कामात गेली आणि त्याबद्दलचे बोलणे बरीच वर्षे चालले. इग्निशनचे टायमिंग बघायला प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडायचा. त्यावर कानशीने दोन खुणा केलेल्या असतात, एक पिस्टन अगदी वर असतानाची, दुसरी ठिणगी पडायला हवी तिथली. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा, चाक हळूहळू फिरवायचे. कागद ज्या क्षणी सैल होतो तो ठिणगीचा क्षण. आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत आहेत त्यांपैकी निम्मी उपकरणेही याहून अधिक अचूक नसावीत.

१९८० च्या दशकात चित्र पालटले. सरकारने जपानी कंपन्यांशी करारांना परवानगी दिली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली, मागोमाग कावासाकी-बजाज. हलकी गाडी, कमी पेट्रोल, आणि हिरो होंडा तर फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगडच नाही. तिच्या तुलनेत येझदी तहानलेली. १९९१ मध्ये धुराचे पहिले नियम आले आणि १९९६ मध्ये ते कडक झाले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते आणि न जळलेले इंधनही काही प्रमाणात बाहेर पडते, त्यामुळे नव्या नियमांत बसायचे तर इंजिनच नव्याने आखावे लागले असते. मागणीही घटली होती. त्याच साली कारखाना बंद झाला.

बुलेटवाल्यांना ही वेळ आली नाही. त्यांची गाडी मद्रासमध्ये बनतच राहिली, म्हणून जुन्या बुलेटला नवा पुर्जा मिळत राहिला. येझदी मात्र एका दिवसात पोरकी झाली. दुकानदारांकडे जो माल शिल्लक होता तो काही वर्षे पुरला. त्यानंतर माणसे पुण्याच्या नाना पेठेत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात पुर्जे शोधत फिरू लागली. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी करायची रीत तेव्हाच पडली. आमच्या भागाला एक मोठा आधार होता तो कोल्हापूरच्या उद्यमनगरचा. ऑइल इंजिनांमुळे तिथे फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंगची कामे करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. जुना पुर्जा पिशवीत घालून मिरजेहून सकाळच्या एसटीने निघायचे आणि तसाच नवा कातून घेऊन संध्याकाळी परत यायचे.

हे सगळे ज्यांच्या जिवावर चालले ते मिस्त्री. मिरज स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या अब्बांचे उस्ताद बसत. गॅरेज कसले, चार पत्रे आणि एक कडुनिंब. ते शाळेत चौथीपर्यंत गेले होते. म्हैसूरच्या कंपनीची छापील पुस्तिका त्यांच्याकडे होती, पण ती इंग्रजीत असल्यामुळे ते फक्त चित्रे बघत आणि चित्रांतल्या चुकाही दाखवत. नव्या शागिर्दाला पहिले सहा महिने पाना धरू देत नसत, फक्त धुवायला आणि पुसायला लावत. त्यांचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे वापरले जाई: “पहले सुनने का, फिर खोलने का.” इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय नट सोडायचा नाही, असा त्याचा अर्थ.

आम्ही उर्दू शिकवतो म्हणून एक गोष्ट सहज लक्षात येते. या गॅरेजमधली निम्मी भाषा फारसी-अरबीतून आलेली आहे आणि मराठी माणूस ती आपली समजूनच बोलतो. पुर्जा, दुरुस्ती, मरम्मत, कारागीर, उस्ताद, नमुना. मिस्त्री तेवढा पोर्तुगीजांकडून आलेला. आणि मिरजेच्या माणसाला शिकलगार हा शब्द तर सांगायलाच नको. सैक़ल म्हणजे धातूला दिलेली चकाकी, ती देणारा सैक़लगर, त्याचा झाला शिकलगार. तलवारी आणि बर्च्यांना धार लावणारे हे लोक. हत्यारांचे काम मागे पडले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, मिरजेतल्या शिकलगारांपैकी काहींनी गवई मंडळींची तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि दुरुस्त करता करता ते सतारी-तंबोरे घडवू लागले. आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो. दुरुस्तीला आपल्याकडे दुय्यम काम समजतात, निर्मिती मोठी. या गावाचा अनुभव तसा नाही.

उस्तादही केवळ दुरुस्ती करत नव्हते, बदलत होते. मूळ येझदीला ६ व्होल्टचा डायनॅमो. इंजिन मंद फिरू लागले की दिवा पणतीसारखा होई, आणि मिरज-सांगली रस्त्यावर बैलगाड्या विनादिव्याच्या. त्यांनी अनेक गाड्या १२ व्होल्टवर नेल्या. मूळचा जिकोव्ह कार्बुरेटर झिजला की दुसऱ्या गाडीचा बसवला, त्यासाठी मधली चकती कोल्हापुरात कातून घेतली. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मागचे जुने शॉक ॲब्सॉर्बर काढून स्कूटरचे, सीट लांब. याला आता मॉडिफिकेशन म्हणतात आणि त्यासाठी तरुण मुले हौसेने पैसे मोजतात. तेव्हा त्याला ‘काम चालवणे’ म्हणत. गाडी उद्या सकाळी बाजारात पोहोचायची होती, हौसेला वाव नव्हता.

आमचीच गाडी घ्या. १९७४ ची येझदी २५०, अब्बांनी १९८६ मध्ये दुसऱ्या हाताने घेतलेली. अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हळदीच्या हंगामात वसुलीसाठी रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणे होई, आणि परतताना मागे एखादे पोतेही असे. १९९३ मध्ये सीटखालच्या बाजूला फ्रेम तडकली. नवी फ्रेम परवडणारी नव्हती. उस्तादांनी तडकलेल्या जागी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून मारली आणि मागचा चिमटा फ्रेमला जिथे जोडतो तिथे गनमेटलची नवी बुश कातून बसवली. त्यानंतर अब्बांनी तीच गाडी अठरा वर्षे चालवली. आम्हा भावंडांच्या शाळा-कॉलेजच्या फिया त्या पट्टीवर बसूनच आल्या, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

यापुढे इतिहासाला एक वेगळेच वळण लागते. २००० नंतर जुन्या जावा-येझदीवाल्यांचे गट शहराशहरांतून तयार झाले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होऊ लागला. भंगारात जाणाऱ्या गाड्यांना अचानक किंमत आली. हे चांगलेच झाले, त्याने शेकडो गाड्या वाचल्या आणि पुर्जे पुन्हा बनू लागले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्राशी संबंधित क्लासिक लेजंड्सने जावा हे नाव पुन्हा बाजारात आणले, २०२२ च्या जानेवारीत येझदी. या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या. नाव तेच, पण जुन्या गाडीला त्यांचा पुर्जा बसत नाही.

किमतीबरोबर एक शब्दही आला: ओरिजिनल. जितकी गाडी मूळ रूपात, तितकी मोलाची. ६ व्होल्टचा डायनॅमो पाहिजे, जिकोव्ह कार्बुरेटर पाहिजे, टाकीवरचा रबरी पॅड त्याच नक्षीचा पाहिजे. कायदाही त्याच दिशेने गेला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले की, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ रचनेपासून वाहन बदलता येणार नाही. किरकोळ फिटिंग आणि रंगरंगोटीचा प्रश्न वेगळा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकीला स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच.

रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी बदलांना लगाम हवा, याबद्दल आमचे दुमत नाही. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून मोहल्ल्यातून फिरणारी पोरे आम्हीही पाहतो. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न पडतो. पन्नास वर्षे मूळ रूपात राहिलेली गाडी कोणाची असेल? ज्याच्याकडे दुसरी गाडी होती त्याची. जो ती कापडाखाली झाकून ठेवू शकला त्याची. ज्याचे पोट त्या गाडीवर होते त्याची गाडी बदललेलीच असणार, कारण न बदलता ती टिकलीच नसती. मग वारसा म्हणून जी जपली जाईल ती न वापरलेली गाडी, आणि जिच्यावर तीस वर्षांचे कसब खर्च झाले ती बिघडवलेली गाडी ठरणार. संग्रहालयात उद्या येझदी ठेवली, तर ती म्हैसूरची गोष्ट सांगेल. मिरज स्टेशनजवळच्या कडुनिंबाची तिला काहीच माहिती नसेल.

हा प्रश्न आमच्या घरी पुस्तकी राहिला नाही. २०२४ मध्ये आमच्या गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पुण्याचे एक संग्राहक गृहस्थ ती पाहायला आले. माणूस जाणकार होता, जमिनीवर पालथे पडून त्यांनी गाडी पाहिली. त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी होती, आणि अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन तोंडावर होते. त्यांची अट एकच, गाडी मूळ रूपात आणून द्यायची. पट्टी मारलेली फ्रेम बघून ते म्हणाले, “ही फ्रेम बदलावी लागेल. हिला व्हिंटेज नंबर मिळणार नाही.” दुसरी फ्रेम म्हणजे दुसरा चासी नंबर. म्हणजे कागदोपत्री ती अब्बांची गाडीच राहणार नव्हती. धाकट्या भावाचे मत विकण्याकडे होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. लोखंडाला नाती नसतात आणि अम्मीचे गुडघे खरे आहेत.

उर्दूत अस्ल म्हणजे मूळ, मुळी, पाया. मराठीत तो शब्द अस्सल होऊन आला आणि ‘शुद्ध, भेसळ नसलेला’ असा त्याचा अर्थ घट्ट झाला. आमच्या गाडीत अस्सल काय, यावर त्या आठवड्यात घरात रोज रात्री बोलणे झाले. अम्मी शेवटी म्हणाल्या की ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत करू, तोवर तुम्ही दोघे भांडण संपवा. भावाने सोसायटीचे कर्ज काढले आणि ऑपरेशन झाले. गाडी राहिली.

त्याच सुट्टीत आम्ही दोघांनी ती अंगणात उघडली. जे परत मूळ रूपात नेता येत होते ते नेले. टाकी आणि मडगार्ड पुन्हा मरून रंगात, सायलेन्सरला नवे क्रोम कोल्हापुरात, स्कूटरचे शॉक ॲब्सॉर्बर काढून जुन्या बाजारातून आणलेली मूळची जोडी, सीट पुन्हा आखूड. ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घातला, क्रँकचे काम उद्यमनगरात केले, दोन्ही बाजूंचे ऑइल सील नवे. दिवा १२ व्होल्टचाच ठेवला, कारण भाऊ रात्रीच्या पाळीवरून याच गाडीने येतो. फ्रेमवरची पट्टी खरवडून, गंज काढून, पुन्हा काळी रंगवली. वेल्डिंगची रेघ पॉलिश करून लपवावी असे रंगाऱ्याचे मत होते. भावानेच त्याला नको म्हटले. गनमेटलची बुश मोजली तेव्हा तीस वर्षांत ती जेमतेम झिजलेली निघाली, तीच परत बसवली.

गाडीची नोंदणी नेहमीच्या पद्धतीने पाच वर्षांसाठी नूतनीकृत झाली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने चासी नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतला, दिवा लावून पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला. पट्टीकडे त्यांनी एकदा पाहिले आणि विचारले, हे काम कोणाचे? आम्ही उस्तादांचे नाव सांगितले. ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि पुढची गाडी बोलावली.